वाढलेल्या हृदयाचं उत्तर

“आजी, हे औषध म्हणजे ना, हृदयाला थोडं पळायला लावणारं औषध असतं. घाबरायचं काही नाही हं,” सोनोग्राफीच्या यंत्रापाशी बसलेली मुलगी म्हणाली, आणि पाठीमागे उशी सारून तिनं बाईंना डाव्या कुशीवर वळवलं. बाई दचकल्या. हातात सुई गेली तेव्हा त्या दचकल्या नव्हत्या, छातीवर गारगार मलम फासलं तेव्हाही नाही. या एका वाक्यानं दचकल्या. उभं आयुष्य त्यांनी याच औषधाच्या गोतावळ्यात काढलं होतं. शेजारच्या पंपावर चढवलेल्या सिरिंजवर नाव चिकटवलेलं होतं, डोब्युटामिन. ते वाचताना त्यांना असं वाटलं, की भर समारंभात एखादा जवळचा नातेवाईक समोर यावा आणि त्यानं ओळखसुद्धा दाखवू नये. हृदयाच्या पेशीवर ते नेमकं कुठं जाऊन बसतं, बसल्यावर आत काय काय हलतं आणि थकलेल्या पेशीत काय हलायचं राहून जातं, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं होतं. आणि आता ही कालची पोर त्यांना सांगत होती, की ते हृदयाला पळवतं. तिनं चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून तर बाईंना जास्त राग आला. आल्या आल्या व्यवसाय विचारला तेव्हा त्यांनीच ‘निवृत्त’ एवढंच सांगितलं होतं. कशातून निवृत्त, ते कुणी विचारलं नाही, आणि बाई आपण होऊन सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. आपली ओळख आपल्यालाच करून द्यावी लागली तर ती कसली ओळख, असं त्यांचं मत होतं, आणि मतं बदलायची त्यांना सवय नव्हती.

त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. प्रयोगशाळेत म्हणत, वर्गात म्हणत, कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही म्हणे. हृदय वाढल्याचं कळलं ते गेल्या महिन्यात, जिना चढताना मधल्या पायरीवर डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा. डॉक्टर वयानं त्यांच्या शेवटच्या विद्यार्थ्यांएवढे, बोलायला मवाळ. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. हृदयातून अंगाकडं जाणारी जी मोठी धमनी, तिच्या तोंडाशी एक झडप असते. तुमची झडप कडक झालीय, नळाच्या तोटीवर क्षार साचतात ना, तशी. वाट अरुंद झाली. मग त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलायचं म्हणून हृदयाची भिंत जाड झाली, हृदय वाढलं आणि आता ते दमलंय. झडप बदलता येईल. पण त्याआधी बघावं लागेल, की हृदयात जोर शिल्लक आहे का. औषध देऊन हृदयाला डिवचून बघायचं. जोर दाखवला तर ऑपरेशन. नाहीच दाखवला, तर मॅडम, मी खोटी आशा दाखवणार नाही, ते ऑपरेशन झेपणार नाही. आणि ऑपरेशन नाही तर? बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, मग गोळ्यांवर जेवढं निघेल तेवढं. बाईंना तेव्हा हसू आलं होतं, आणि डॉक्टरांना वाटलं धक्क्यानं आलं. धक्का कसला? त्यांच्या हातांनी हेच तर केलं होतं. उंदराची धमनी उघडी करायची, तिच्याशेजारी एक सुई आडवी ठेवायची, दोघींना मिळून रेशमाची गाठ मारायची आणि मग सुई अलगद ओढून घ्यायची. मागं उरते ती सुईएवढी वाट. काही आठवड्यांत उंदराचं हृदय वाढतं. अशी गाठ मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. परदेशातून लोक बघायला येत. आपल्या छातीत ती गाठ वयानं मारली होती, आणि बाईंच्या मते जरा ओबडधोबडच मारली होती.

“आजी, नाडी खूपच जोरात आहे हो आत्तापासूनच. भीती वाटतेय का?” मुलीनं पडद्याकडं बघत विचारलं. “मला?” बाई म्हणाल्या. “मी कशाला घाबरू? चालू कर तू.” डॉक्टर आत आले, त्यांनीही तेच विचारलं, आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं. त्यात विचार करण्यासारखं बाईंना काही वाटलं नाही. हे उत्तर त्यांच्याकडं तयारच असे, खिशातल्या रुमालासारखं. वडील लवकर गेले. घरात आई आणि दोन मुली. रात्री दारावर काही वाजलं की धाकटी पांघरुणात शिरून रडायला लागे, आई जागच्या जागी बसून राही, आणि मोठी उठून कडी काढून बाहेर बघून येई. कुणी नाही, मांजर आहे. आई पाहुण्यांना सांगे, ही माझी वाघीण आणि हा माझा ससा. वाघिणीला त्या वेळी जेमतेम कडीपर्यंत हात पोचत होता. दाराबाहेरच्या काळोखात पाऊल टाकताना काय वाटतं हे तिला कुणी विचारलं नाही, आणि पुढं पुढं तिला स्वतःलाही ते कळेनासं झालं. एकदा वाघीण म्हणवून घेतलं की म्याव करायची सोय राहत नाही. तरी बाईंना त्याचं दुःख नव्हतं. उलट त्या नावाचा त्यांना आतून केवढा तरी अभिमान होता, आणि तोच पुढं कामाला आला. पुरुषांनी भरलेल्या विभागात पहिल्या दिवशी कुणीतरी त्यांच्या टेबलाच्या खणात मेलेला उंदीर ठेवला, तेव्हा त्यांनी तो बाहेर काढून, त्याचं हृदय कापून, वजन करून, ‘जरा वाढलेलं दिसतंय, कुणाचा होता?’ असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. त्यानंतर खणात कुणी काही ठेवलं नाही. आजही सकाळी धाकटीला त्यांनी सांगितलं ते एवढंच, की साधी तपासणी आहे, येतेस तर ये. धाकटीचं चष्म्याचं दुकान. ते बंद ठेवून ती आली होती, आणि बाहेर बाकावर बसून, ताईला उपाशीपोटी बोलावलंय म्हणून आणलेली बिस्किटं बहुधा स्वतःच खात होती.

पंप सुरू झाला. औषध अगदी थोडं थोडं आत जायला लागलं. मुलीनं यंत्राची मूठ बाईंच्या बरगड्यांमध्ये रुतवली आणि पडद्यावर काळ्यापांढऱ्या रंगात एक जाड भिंतीची खोली उघडमीट करू लागली. बाईंनी मान तिरकी करून पाहिलं. त्यांनी शेकडो हृदयं पाहिली होती, पण सगळी बाहेर काढलेली. काचेच्या नळीला लटकवलेलं हृदय, आतून क्षारांचं कोमट पाणी वाहतंय, टोकाला बांधलेला दोरा, दोऱ्याच्या हिसक्यानं कागदावर हलणारं पेन. प्राणी नाहीसा झालेला असतो, हृदय मात्र चालू असतं. त्याला औषधाचा थेंब द्यायचा आणि पेन किती उंच जातं ते बघायचं. निरोगी हृदय थेंब पडताच उसळी मारतं. वाढलेलं हृदय ऐकल्यासारखं करतं आणि आपल्या चालीनं चालत राहतं. वर्गात त्या सांगत, की पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे दारावरची बेल समजा. औषध येऊन बेल दाबतं, आतली माणसं कामाला लागतात. आता ज्या घराची बेल रात्रंदिवस वाजते, त्या घरातली माणसं काय करतात? वैतागून बेलची वायर काढून ठेवतात. वाढलेल्या हृदयाचं तेच होतं. गाठीमुळं त्याला सतत जास्त काम, म्हणून शरीर सतत बेल वाजवतं, म्हणून ते बेल काढून ठेवतं. मग तुम्ही बाहेरून कितीही दाबा. मुलं हसत, आणि कायमचं लक्षात ठेवत. आत्ता पडद्यावरच्या त्या खोलीकडं बघताना बाईंना वाटलं, कुणी तरी वायर काढलीय. नाडी वाढली होती, छातीत धडधड होती, पण भिंती आपल्या होत्या तेवढ्याच हलत होत्या. “वाढव,” डॉक्टर मुलीला म्हणाले. तिनं वाढवलं. नाडी आणखी पळाली. भिंतींनी काही मनावर घेतलं नाही. डॉक्टरांनी मुलीकडं पाहिलं आणि मुलीनं डॉक्टरांकडं. ती नजर बाईंना ओळखू आली. चढत्या डोसांना पेन हललं नाही की त्याही शेजारच्या सहायकाकडं अशाच बघत, आणि तो मुकाट्यानं नळीवरून हृदय काढून घेई.

विभागाचे प्रमुख, बडे सर, म्हणत, वाढलेलं हृदय बहिरं असतं. त्यांचं नाव याच एका वाक्यावर झालं होतं. वाक्य खरंही होतं. आलेख तसे निघत. गाठ मारलेल्या उंदरांची रेघ खाली, निरोगी उंदरांची वर, मध्ये भलंमोठं अंतर. बाई तेव्हा नव्या होत्या, आणि त्यांच्या वाट्याला एक फाटक्या कानाचा उंदीर आला होता. नाव अर्थातच कानफाट्या, आणि एकदा पडलं ते पडलंच. गाठ मारलेले बाकीचे उंदीर हात दिसला की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दबा धरत, चावत. त्यांची काय चूक म्हणा. त्याच हातांनी त्यांना उचललं, टोचलं, फाडलं, शिवलं होतं. पण कानफाट्या मुलखाचा निलाजरा. गाठ मारून जखम भरल्यावरही तो बाईंच्या तळहातावर येऊन बसे आणि मिशा पुसत राही. त्याची पाळी आली. हृदय बाहेर काढलं, वाढलेलं होतं, इतर वाढलेल्यांइतकंच जाड. औषधाचा थेंब पडला आणि पेन कागद सोडून जातं की काय इतकं वर गेलं. सरांनी आलेख बघितला आणि म्हणाले, अपवाद आहे, टाकून द्या. बाईंनी टाकून दिला नाही. त्यांना तेव्हा काही कळलेलं होतं असं नाही. फक्त, माझ्या हातची गाठ सैल असणार असं सर सुचवत होते, आणि माझ्या हातची गाठ सैल नसते, एवढ्या एका गर्वापोटी त्या अडून बसल्या. दिवस दिवस विचार केला. मग एकदा पिंजऱ्यांना दाणा घालताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण दोन हृदयांची तुलना करतच नाही आहोत. एका बाजूला हाताला न घाबरणारे उंदीर आहेत आणि दुसऱ्या बाजूला हाताला घाबरणारे. घाबरलेला प्राणी स्वतःच्या अंगातच तसंच औषध सोडतो. त्याच्या बेला आधीच दाबून दाबून गप्प झालेल्या असतात. वरून आपण आणखी दाबतो आणि म्हणतो, बहिरं आहे. त्यांनी मग काही उंदरांची छाती नुसती उघडली आणि गाठ न मारताच परत शिवली. त्यांची हृदयं वाढली नाहीत, पण बहिरी झाली. आणि गाठ मारलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यात त्या रोज नुसता हात ठेवून बसू लागल्या, काही न करता, ते आपण होऊन हुंगायला येईपर्यंत. विभागात हसू झालं. बाई उंदरांना अंगाई म्हणतात, असं जेवणाच्या सुट्टीत चाले. पण त्या उंदरांची वाढलेली हृदयं बोलली. निरोगी हृदयांएवढं नाही, पण बोलली. बहिरेपणातला मोठा वाटा वाढीचा नव्हताच, भीतीचा होता. सरांच्या वाक्यावर बाईंनी रेघ मारली, आणि सरांनी, मोठा माणूस, सगळ्यांसमोर उठून टाळी वाजवली. पुढं जगभर जिथं जिथं हे काम होतं तिथं काम करण्याआधी प्राण्यापाशी हात ठेवून बसायची पद्धत पडली. ती बाईंची पद्धत. ज्या हातावर विश्वास ठेवला त्याच हातानं त्या प्राण्यांचा शेवट होई, हे त्यांनी कधी स्वतःपासून लपवलं नाही आणि त्यावर उसासेही टाकले नाहीत. भीती न वाटता गेले, एवढं माझ्याकडून त्यांना मिळालं, असं त्या म्हणत, आणि ते म्हणताना त्यांची मान ताठ असे.

“थांबवू या,” डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. “नाडी मर्यादेपर्यंत आली. जोर नाही वाढत.” मुलीनं पंपाकडं हात नेला. बाईंच्या कानात रक्ताचा आवाज भरला होता. त्यांना दिसत होतं ते असं, की आपण नळीवर लटकलेलो आहोत आणि कुणीतरी आपल्याला काढून घ्यायला येतंय. हातापायांचे तळवे गार पडले होते, जीभ टाळ्याला चिकटली होती. पहाटेपासून, छे, पहाटेपासून कुठलं, त्या जिन्यावरच्या अंधारीपासून हे असंच होतं. त्यांनी त्याला पित्त म्हटलं होतं, झोप झाली नाही म्हटलं होतं, म्हातारपण म्हटलं होतं. त्याचं खरं नाव त्यांना आत्ता आठवलं, आणि आठवलं ते कुशीवर पडलेल्या बाईला नाही, प्रयोगशाळेतल्या बाईला आठवलं. ती बाई कुणाच्या भिडेला कधी बळी पडली नव्हती. स्वतःच्याही नाही.

“डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “हा प्रयोग बाद धरा.”

“काय म्हणालात?”

“प्राणी घाबरलेला आहे.”

मुलीनं पंप बंद केला. “कुठला प्राणी, मॅडम?” डॉक्टरांनी जपून विचारलं. औषधानं डोक्यावर परिणाम झाला की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

“मी,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कापला. कापला तर कापला. “मगाशी हिनं विचारलं, तुम्ही विचारलंत, मी खोटं सांगितलं. मी घाबरलेय. मला मरायची भयंकर भीती वाटतेय. सुरुवातीलाच माझी नाडी किती होती ते बघा. माझ्या अंगात माझं स्वतःचं औषध आधीच ओसंडून वाहतंय, वरून तुमचं कुठं बसणार? याचा अर्थ हृदयात जोर नाही असा होत नाही. याचा अर्थ तुम्हाला काहीच कळलेलं नाही असा होतो.” शेवटचं वाक्य जरा जास्त झालं हे त्यांनाही कळलं, पण ते सवयीनं गेलं. डॉक्टरांनी पडद्यावरचा सुरुवातीचा आकडा पुन्हा पाहिला. मग त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही काय करत होतात आधी?” “हृदयं लटकवत होते,” बाई म्हणाल्या, आणि डॉक्टरांना पहिल्यांदाच हसू आलं. ते म्हणाले, तुमचं म्हणणं खरं असू शकतं. नसूही शकतं. बाहेर दोन जण थांबलेत, शेजारच्या खोलीत त्यांना बघून येतो, तोवर औषध उतरेल. मग पुन्हा एकदा करू. पण एकदाच, तिसऱ्यांदा नाही. “आणखी काही हवंय का?” त्यांनी दारातून विचारलं. बाईंनी डोळे मिटले. “बाहेर माझी बहीण आहे. तिला आत पाठवा.”

धाकटी आली ती पर्स, पिशवी, बिस्किटांचा पुडा आणि ओढणीला लागलेला चुरा असं सगळं घेऊन. “झालं एवढ्यात? मला वाटलं…” म्हणता म्हणता तिनं ताईचा चेहरा पाहिला आणि तिथंच थांबली. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तिला सगळं सरळ सांगितलं, झडपेचं, ऑपरेशनचं, आणि पुन्हा एकदाच होणाऱ्या तपासणीचं. “आणि मला भीती वाटतेय,” त्या म्हणाल्या. ससा आता रडेल, मग आपल्याला त्याची समजूत घालावी लागेल, याची त्यांनी तयारी ठेवली होती. धाकटी रडली नाही. ती संतापली. “साधी तपासणी म्हणालीस तू मला! साधी! मी कोण आहे गं तुझी, शेजारीण?” तिनं पिशवी धाडकन खाली ठेवली. मग तपासणीच्या टेबलाच्या पायांकडच्या बाजूला जाऊन तिनं ताईची पावलं हातात घेतली. “बर्फ झालाय नुसता,” ती म्हणाली, आणि जोरजोरात चोळायला लागली. चोळता चोळता तोंड चालू झालं, कारण गप्प बसणं तिला जमत नसे. काल एक गृहस्थ दुकानात चष्मा परत घेऊन आले. म्हणाले, नंबर चुकलाय. मी म्हटलं, काय होतंय? म्हणाले, बायको वेगळीच दिसते. मी म्हटलं, काका, नंबर बरोबर आहे, आधीचा चुकला होता. बाई हसल्या. मुलगीही तोंडावर हात धरून हसली. धाकटीला श्रोता मिळाला, मग काय, ती दुसरी गोष्ट सांगू लागली, मग तिसरी. बाई ऐकत होत्या आणि नव्हत्याही. त्यांच्या पावलांत हळूहळू ऊब येत होती. भीती गेली नव्हती. ती खोलीतच होती, पण आता तिच्याशी एकटीनं बोलायची गरज नव्हती. लहानपणी पांघरुणातली ही भित्री पोरगी आपल्यापेक्षा सुखी असायची, असं त्यांना वाटून गेलं. तिला भीती वाटायची तेव्हा ती कुणाला तरी धरून बसायची. मला हे इतक्या उशिरा कळावं? पण कळलं. उंदराच्या बाबतीत कळलं होतं ते स्वतःच्या बाबतीत कळायला जो वेळ लागला, तो बाईंनी स्वतःला माफ करून टाकला. पुष्कळांना मरेपर्यंत कळत नाही.

डॉक्टर परत आले तेव्हा मुलीनं त्यांना उतरलेली नाडी दाखवली आणि ते नुसतं “हं” म्हणाले. धाकटीला बाहेर जायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. पावलं धरून तिथंच उभी राहिली. पंप पुन्हा सुरू झाला. या खेपेला बाईंनी पडद्याकडं पाहिलं नाही. उभं आयुष्य बाहेरून पाहिलं होतं, आता आतून पाहायचं ठरवलं. आधी काहीच नव्हतं. मग बरगड्यांच्या आत कुणीतरी बाह्या सरसावल्यासारखं वाटलं. मघाची धडधड वेगळी होती, ती पळापळ होती, पायात पाय अडकणारी. हे तसं नव्हतं. हा एकेक ठोका खालून उचलून आणलेला, पुरता भरून आणलेला आणि वर ढकललेला. गळ्यात, कानशिलात, बोटांच्या टोकांत तो पोचलेला त्यांना कळत होता. डोस वाढला. ठोका आणखी खोल गेला आणि आणखी वर आला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुःखाचं ते नव्हतं. इतक्या वर्षांत पेन वर गेलं की त्या आकडा वाचत. पेन वर जातं तेव्हा आत असं असतं, हे त्यांना कुठल्याच आकड्यानं सांगितलं नव्हतं. एवढ्याशा उंदराच्या छातीत, सुईएवढ्या वाटेसमोर, हे असं उभं राहणं असतं. आपल्या छातीतला हा स्नायू किती वर्षं अर्धवट मिटलेल्या दारावर खांदा लावून उभा होता, आपण भाषणं देत होतो, भांडत होतो, जिने चढत होतो, आणि त्यानं एकदाही कामाला नाही म्हटलं नाही. बाईंना त्याचा अभिमान वाटला. स्वतःचा वाटायचा तसा नाही, जरा वेगळा; घरच्या कुणीतरी न सांगता मोठं काम केलेलं बाहेरून कळावं, तसा.

“बस्स,” डॉक्टर म्हणाले. “पुरे कर. पुरेसं आहे.” त्यांनी पडद्यावर दोनतीनदा रेघा ओढून मापं घेतली, पुन्हा घेतली. मग पंप बंद झाल्यावर बाईंच्या डोळ्यांसमोर येऊन उभे राहिले. “जोर आहे. चांगला आहे. झडप बदलता येईल, मॅडम. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी मी आजच बोलतो. हृदय इतकं वाढलेलं असूनही…”

“असूनही नाही,” बाई म्हणाल्या. ओले डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. “ते कामानं वाढलंय. त्याला नावं ठेवू नका.”

डॉक्टरांनी मान डोलावली, आणि बाईंना वाटलं, की हा पोरगा विद्यार्थी म्हणून चालला असता.

कपडे करून त्या बाहेर आल्या तेव्हा धाकटी आधीच बाहेर पोचली होती आणि बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणि त्यांच्या सुनेला सगळी हकिगत सांगत होती. बाईंनी जन्मभर तिच्या या सवयीला नाक मुरडलं होतं. घरातलं बाहेर सांगू नये, आणि आपल्या माणसाची फुशारकी तर मुळीच मारू नये, हे तिला किती वेळा बजावलं असेल. धाकटीनं ताईला पाहिलं आणि तिचा आवाज जरा खाली आला. “आमची ताई ही,” ती म्हणाली. “काही विशेष नाही, हृदय जरा वाढलंय तिचं.”

“जरा नाही,” बाई त्या अनोळखी गृहस्थांना म्हणाल्या, “चांगलं वाढलंय,” आणि आपण होऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या.